पायऱ्यांचा सीन

"पुढे पळवू नकोस. सगळं बघू दे तिला," म्हातारा मुलीवर खेकसला.

मुलीने मोबाइल आईच्या डोळ्यांसमोर धरला होता. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचं काहीतरी दाखवा, कुठेतरी धागा लागेल. लग्नाचे फोटो दाखवून झाले, तिनेच विणलेला स्वेटर दाखवून झाला. दुसऱ्याच्या घरातलं सामान बघावं तशी ती बघायची. नवऱ्याकडेही तशीच. सकाळी त्याने तिचा हात धरला, तर घाबरून तिने नर्सला हाक मारली. आता हा सिनेमा तेवढा उरला होता.

सिनेमा म्हणजे नुसता धुडगूस. हॉस्पिटलात डॉक्टर स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतो, कंपाउंडर औषधांच्या कपाटात अडकतो, स्ट्रेचर आपलं आपण नर्सच्या मागे धावतं. शेवटी नखशिखांत प्लास्टरमधला पेशंट जिन्यावरून गडगडत खाली येतो. तो पेशंट म्हणजे हा म्हातारा. हिरोला पडायची भीती, म्हणून त्याच्या वाट्याचं हा पडायचा. आयुष्यभर पडून त्याने घर उभं केलं. पडलो तरी नाक वर म्हणतात, पण याचं नाक कायम बँडेजच्या आत. पडद्यावर त्याला ओळखणारी जगात एकच बाई होती.

"पायऱ्यांचा सीन येऊ दे," तो म्हणाला. "तो बघून तिला कळल्याशिवाय राहायचं नाही."

आज त्याने दाढी केली होती. खुर्ची खाटेला भिडवून बसला होता.

सीन आला. पेशंट वरच्या पायरीवर डुगडुगला. म्हाताऱ्याने श्वास रोखला. मोबाइलकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

पेशंट गडगडला आणि म्हातारी हसली. आधी खुदकन, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बाबा, आई हसली!" मुलीला रडूच फुटलं. नर्स धावत आली. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा उगाच हसायला लागली.

"बघा आजोबा, लागला ना धागा!" नर्स म्हणाली.

म्हातारा खाटेची कड धरून बसून राहिला. सिनेमा नवा होता तेव्हा या सीनला अख्खं थिएटर हसून लोळत होतं. शेजारी ही मात्र डोळे गच्च मिटून, त्याचं मनगट आवळून बसलेली. पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईने विचारलं, "अहो, तुम्ही हसत का नाही?"

"पडतायत ते आमचे आहेत," ती म्हणाली होती.

पुढे कितीदा तरी तो सिनेमा टीव्हीवर लागला. पोरगी खिदळत बसायची आणि ही नेमकी त्याच वेळी चहा टाकायला उठायची. त्याच्या त्या पडण्याला ती जन्मात कधी हसली नव्हती. आज हसली. इतकी वर्षं पडला, पण इतकं त्याला कधीच लागलं नव्हतं.

म्हातारीने चादरीच्या टोकाने डोळे पुसले. मग तिचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. त्याचा चेहरा बघून ती जरा ओशाळली.

"काय हो भाऊ, तुम्ही नाही हसत?" तिने हळूच विचारलं. "तुमचं कोणी आहे का त्यात?"