श्वास रोखा

फोनचं व्यसन सुटावं म्हणून विनीतने ॲप बनवलं. रील्स सरकवायला गेलं की छोटा खेळ समोर यायचा. त्याच्या बाबांचा, महिपतचा, आवडता खेळ 'श्वास रोखा': श्वास सोडेपर्यंत नावापुढे सेकंद मोजले जायचे.

मिरकरवाडा बंदरातून मासेमारीला गेलेली बाबांची होडी बुडाली. ना बाबा सापडले, ना त्यांचा फोन. नवव्या दिवशीही ॲपवर बाबांच्या नावापुढे सेकंद वाढत होते.

"बग, तुझ्या बापसान अजून श्वास सोडला नाय," आई म्हणाली. "मी कुंकू कशाला पुसू?"

"आई, ती ॲपची चूक आहे."

विनीतने बाबांचं खातं काढून टाकलं. सेकंद थांबले नाहीत.

आईचा फोन वाजला. 'महिपत तुम्हाला खेळायला बोलावत आहेत.'

"आले हां," म्हणत तिने खोल श्वास घेतला.

विनीतने फोन हिसकावला, तिचे खांदे हलवले, शेजारी बोलावले. ओठ मिटूनच तिने हसत नकारार्थी मान हलवली. बाबांच्या नावाखाली तिचे सेकंद पडत होते. सहाशे चार. सहाशे पाच.