वासराचा चीक

"आजी, पटकन पिळा. मी काही बघितलं नाही," गाई मोकळ्या सोडलेल्या गोवनाची राखणदारीण कुजबुजली.

गाईवाचून कारखान्याच्या टाकीत तयार होणारं दूध येऊ लागल्यापासून गाईंना कोणी पिळत नव्हतं. वासराचं दूध वासरालाच, असा कायदाच होता. पण टाकी काही वीत नाही, मग व्याल्यानंतरचा पिवळसर चीक तिला कुठून येणार? आणि चार दिवसांचे सोबती उरलेल्या नानांनी तर बायकोकडे खरवसाचाच हट्ट धरला होता.

द्वारकाबाई वाटी घेऊन कासेशी बसल्या. कालच जन्मलेलं वासरू लटपटत आलं आणि त्यांच्या खांद्याला ढुशा देऊ लागलं. तरुणपणी असली किती वासरं त्यांनी ओढून दाव्याला बांधली होती! आज हात उठेना.

घरी येऊन त्यांनी टाकीच्याच दुधात कॉर्नफ्लोअर, गूळ, वेलची घालून वड्या वाफवल्या. नानांनी घास जिभेवर बराच वेळ घोळवला.

"वासराला ठेवलास ना गं थोडा?"

"सगळा त्यालाच ठेवला हो," द्वारकाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

नानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दुसरा घास काही मागितला नाही.