दुसरा आवाज

लोकसंगीताच्या महोत्सवात चाळीस वर्षं एकच रीत होती. दादाने ओळ गायची आणि धाकट्याने तिचा शेवट झेलायचा. यंदा दादा वारला. आयोजक म्हणाले, "काका, आता सगळं तुम्हालाच गावं लागेल. नाही जमलं तर तुमची वेळ दुसऱ्या कुणाला देऊ."

धाकट्याने महिनाभर स्वयंपाकघराचं दार लावून दादाच्या ओळी घोटल्या. एक शब्द चुकत नव्हता. आज मात्र ठेका सुरू झाला, तरी तो गप्पच उभा राहिला. लोक चुळबुळ करू लागले. निवेदिका लगबगीने जवळ आली.

"काका, शब्द विसरलात का? मी सांगू?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! दादाची ओळ संपू दे. मधे तोंड घातलं की फार चिडतो तो."