कुठलं टूल उचलाल, बाबा?

"आता सांगा बाबा, कुठलं टूल उचलाल?"

युनसलने लॅपटॉप वडिलांकडे वळवला. मुळा चिरता चिरता ग्वांगसिक थांबला. पडद्यावर तीन टूलं होती आणि प्रत्येकाखाली दोन-दोन वाक्यांचं वर्णन.

"काम काय होतं?"

"हजार पानांची फाइल आहे. त्यातली शेवटची चारच पानं वाचायचीत."

पहिलं टूल अख्खी फाइल उघडायचं. तिसरं फोल्डरमधल्या फाइलींची नुसती नावं सांगायचं. दुसऱ्याखाली स्वच्छ लिहिलं होतं, 'मोठ्या फाइलीतला ठरावीक भागच हवा असेल तेव्हा हे वापरा. कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, ते सांगा.'

"पहिलं," ग्वांगसिक म्हणाला.

"झालं! बसला आमचा एजंट हजार पानं चघळत!" युनसलने कपाळाला हात लावला. "उद्या परत लिहून आणते. वाढा आता, पोटात कावळे ओरडतायत."

कोरियातल्या बुसानमध्ये, पुलापलीकडे तिची कंपनी होती आणि ती राहायचीही तिकडेच. तिथे आपापली कामं उरकणारे एआय एजंट बनत. एजंटला टूलच्या आतलं काही दिसत नाही, वर्णन वाचूनच तो टूल निवडतो. ती वर्णनं लिहायचं काम युनसलकडे होतं. आधी माणसावर चाचणी घ्यायची, असं तिने पहिल्याच दिवशी बापाला सांगितलं होतं. "आणि तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तुम्हीच हवेत. महिनाअखेर माझं प्रोबेशन संपतंय. वर्णनं पास झाली नाहीत, तर मला नारळ."

ओ की ठो न कळायला काय झालं? ग्वांगसिकला पहिल्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. 'दुसरं' हा शब्द अगदी ओठावर आला होता. पण तो म्हटला की पोर लॅपटॉप मिटणार, बस पकडणार आणि थेट सणाला तोंड दाखवणार. म्हणून तो 'पहिलं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

जन्मभर त्याने जहाजावर खलाशांची तोंडं भरली होती. बायको गेल्यापासून मात्र तो उभ्या उभ्या पातेल्यातूनच पाकिटातल्या शेवया खायचा. एकट्यासाठी रांधायचं त्याला जमेचना. आता रोज सकाळी तो मासळी बाजारात भाव करून भांडत होता. फार मजेत होता गडी.

"बाबा, आज मीठ कमी."

"तुझ्या वर्णनाइतकं कमी नाही!"

पण हळूहळू वर्णनं बिघडायला लागली. एका संध्याकाळी दुसऱ्या टूलखाली एवढंच होतं, 'हे टूल फाइली योग्य प्रकारे वाचतं.' ग्वांगसिकने ते दोनदा वाचलं. आपल्या खोट्या उत्तरांनी पोर बावचळली. चांगलं लिहिलेलं खोडून बसली.

"तुला काळजी नाही वाटत गं?"

"वाटते ना. तो मुळ्याचा मोठा तुकडा वाढा."

दुसऱ्या दिवशी त्याने मन घट्ट केलं. प्रश्न तोच होता.

"दुसरं," तो म्हणाला.

युनसलची चॉपस्टिक हवेतच थांबली. "दुसरं? कशावरून?"

"असंच. वाटलं."

"मग अंदाजाने मारलंत! अंदाज चालत नाही, बाबा. उद्या नव्याने लिहिते." आणि ती पुन्हा भातात घुसली.

ग्वांगसिकला झोप लागली नाही. महिना संपत आला होता. आपल्या दोन घासांच्या सोबतीसाठी पोरीची नोकरी घालवली, ही बोच काही जाईना. दुपारी त्याने कंपनीत तिच्या टीमप्रमुख यॉम मॅडमना फोन लावला.

"मी युनसलचा बाप. तिला काढू नका, मॅडम. सगळा दोष माझा आहे."

"काढू? काय झालं, काका?"

"आपली वर्णनं ती माझ्यावर तपासते. मला सगळं कळत होतं, पण मुद्दाम चुकत होतो. पोर रोज घरी यावी म्हणून. लाज वाटते सांगायला."



"कुठली वर्णनं, काका? फाइली वाचायच्या टूलांची?" यॉम मॅडम म्हणाल्या. "ती तर पहिल्याच खेपेला पास झाली. त्यावरच तिची नोकरी पक्की केली आम्ही, महिना होत आला."

संध्याकाळी ग्वांगसिकने बांगड्याचं पातेलं मंद आचेवर ठेवलं आणि दोन वाट्या मांडल्या. जिन्यावर पावलं वाजली.

"बाबा, आज पण नापास हो!" युनसल दारातूनच ओरडली.

"अरेरे," ग्वांगसिक म्हणाला, "मग उद्या काय करू जेवायला?"