फ्रिजमधले मेहुणे

वाइनच्या फ्रिजसमोर मेकॅनिकबाई मांडी घालून बसल्या आणि त्यांनी काचेच्या दारातून आत पाहिलं. आत एकही बाटली नव्हती. मधल्या फळ्या काढून तिथे भोकं पाडलेली एक लाकडी पेटी ठेवली होती, बस्स.

"वाइन कुठाय, काका?"

"वाइन नाही," काका म्हणाले. "माझे मेहुणे आहेत."

बाईंचा हात हत्यारांच्या पिशवीतच थांबला. तेव्हा काकांनी घाईघाईने खुलासा केला. मेहुणे म्हणजे कासव. काकूंच्या जन्माआधीपासून ते त्यांच्या माहेरी होतं, म्हणून काकू त्याला दादा म्हणत, आणि लग्नानंतर ते काकूंबरोबर सासरी आलं ते कायमचंच. थंडीचे महिने ते झोपून काढतं. त्या झोपेला एकसारखा गारवा लागतो, आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची तर दिवसभर उघडझाप. म्हणून हा जुन्या बाजारातून आणलेला. बाईंनी ऐकता ऐकता पिशवीतून टॉर्च काढला. लोकांच्या फ्रिजांत त्यांनी आजवर बरंच काही पाहिलं होतं.

काकू लेकीकडे गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या की फ्रिजवरचा तापमानाचा आकडा पाचावर हवा, रोज एकदा दार उघडून हवा द्यायची आणि पेटीचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही. काकांनी डोळ्यांत तेल घालून आकडा सांभाळला. पण गेले दोन-तीन दिवस तो चढायला लागला, पाचाचे सात झाले, साताचे नऊ, आणि आज सकाळी काकांच्या डोळ्यांदेखत आकडाच गेला. त्या जागी दोन आडव्या रेघा लुकलुकू लागल्या. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. ते आत मेलं असलं तर हिला कुठल्या तोंडाने सांगायचं, एवढा एकच विचार.

रेघा म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर गेला, असं बाईंनी सांगून टाकलं. तरी त्यांनी प्लग काढून पुन्हा लावून पाहिला. रेघा तशाच. मग त्यांनी आतल्या मागच्या भिंतीवर टॉर्च मारला. सेन्सर धरून ठेवणारी क्लिप रिकामी होती. तिथून निसटलेली बारीक काळी वायर खाली लोंबत होती आणि पेटीच्या एका भोकातून आत गेली होती.

पेटी कोणीतरी मागे रेटली असणार, बाई म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. दार नीट लागावं म्हणून ते रोज पेटीला चांगला धक्का देत होते.

बाईंनी वायर अलगद ओढली. वायर आली, पण तिच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढं जे डोकं असायला हवं, ते नव्हतं.

"डोकं आत राहिलंय. पेटी उघडावी लागेल."

काका म्हणाले, नको. मग म्हणाले, उघडा. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

झाकण निघालं. वाळक्या पानांचा वास खोलीभर पसरला. शेवटी काकांना वळावंच लागलं. पाय आणि डोकं आत ओढून कासव पानांत निपचित पडलं होतं. जन्मभर ज्याची थट्टा केली ते गेल्याचं आपल्याला एवढं लागेल, हे काकांना ठाऊकच नव्हतं. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

बाईंचं कासवाकडे लक्षच नव्हतं. पानांतून शोधलेलं सेन्सरचं डोकं एका हाताच्या चिमटीत आणि वायरचं टोक दुसऱ्या हातात, असं उजेडात धरून त्या दोन्ही निरखत होत्या.

"काका, ही वायर तुटलेली नाही. चावलेली आहे."

"म्हणजे?"

"आकडा सकाळपर्यंत दिसत होता ना? म्हणजे चावा सकाळचाच." बाईंनी पहिल्यांदाच पेटीत वाकून पाहिलं. "तुमच्या मेहुण्यांना भूक लागलीय."

काकांनी कासव उचललं. बराच वेळ काही नाही. मग एक खरखरीत पाय बाहेर आला आणि त्याने काकांच्या तळहाताला चांगला जोर लावून ढकललं. काका हसायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीही वाहायला लागलं.

पुढचा सगळा वेळ गडबडीत गेला. पेटी मागच्या भिंतीला टेकल्यावर गार हवेची वाट अडली, आतली ऊब वाढत गेली आणि झोपलेला जीव जागा झाला, असं बाई नवीन सेन्सर बसवता बसवता सांगत होत्या. काका टबात कोमट पाणी ओतत होते आणि प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते, ऐकत मात्र काहीच नव्हते. कासव मान लांब करून पाणी प्यायलं. मग त्याला उन्हात ठेवलं, तर घटकाभराने ते चालायला लागलं. फ्रिजवर आकडा परत आला, त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

काकांनी काकूंना फोन लावला. काकू "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. शेवटी काकांनी फोन सरळ फरशीवर ठेवला. कासव त्याच्या बाजूने निघालं होतं. खट्, खट्, खट्, आणि मग एक खरवडल्यासारखा आवाज. पुन्हा खट्, खट्, खट्.

पलीकडचं "हॅलो" थांबलं.

"मागचा पाय ओढतोय," काकू हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून ओढतो. लहानपणी मला याच आवाजाने जाग यायची."

काका फोन घ्यायला वाकले.

"उचलू नका," काकू म्हणाल्या. "असू दे तिथेच."