नवऱ्याचा बोलका चष्मा

अंध नवऱ्याने बोलका चष्मा घेतला, तेव्हा शेजाऱ्यांनी भारी कौतुक केलं. चष्मा समोर दिसेल ते सांगायचा. त्याच्या दुसऱ्या बायकोच्या हिशेबी फरक एवढाच, की मारताना त्याचा नेम चुकेनासा झाला.

आज त्याने पट्टा उगारला.

"समोर बाई, भिंतीला टेकलेली," चष्मा म्हणाला. "भिंतीवरच्या आरशात, तुमच्या मागे, दुसरी बाई."

"कोणाला बोलावलंस गं?"

"कोणालाच नाही हो! दोघंच आहोत घरात."

तो गर्रकन वळला.

"समोर बाई. तोंड रक्ताने माखलेलं. हातात हातोडा."

बायकोला तिथे नुसती रिकामी खोली दिसत होती. तिच्या डोळ्यांदेखत त्याचं कपाळ फुटलं. तो कोसळला, चष्मा घरंगळून तिच्याकडे तोंड करून पडला.

"समोर दोन बायका," चष्मा म्हणाला. "एकीचा हात दुसरीच्या गळ्यात."