कोरा

आमच्या पुण्याच्या संस्थेनं सल्ला दिला, म्हणून नगरजवळच्या त्या गावानं डोंगरावर चराईबंदी केली. तीन वर्षांत डोंगर हिरवा झाला. आता गावकऱ्यांवर काय परिणाम झाला ते विचारायला, १९९६ च्या उन्हाळ्यात, संस्थेनं मला छापील फॉर्म देऊन पाठवलं.

भिमाबाईंनी ओट्यावर गोधडी अंथरली आणि माझ्या हातात चहाची कपबशी दिली.

"कोराच हाय ताई. चराई बंद झाली, मंग शेरडं इकली. सात हुती. आता दूध कुठलं? बंधाऱ्यावर चाळीस दिस श्रमदान बी केलं, पन पानी वाढलं ते बागायतदारांच्या हिरीत. समदं लिवा. इतक्या दिसांत कुनी इचारलंच न्हाई."

"लिहिते ना मावशी," म्हणत मी फॉर्म उघडला. पहिलाच प्रश्न होता. "तुमची जमीन किती?"

"गुंठाभर बी न्हाई."

माझं पेन तिथंच थांबलं. प्रश्नाखाली बारीक अक्षरांत एक सूचना होती. ती मी दोनदा वाचली.



'जमीन नसल्यास आभार मानून पुढच्या घरी जावे.'